व्हर्जिनिया वेस्ट

मामाच्या अक्षरातल्या तीन कॅसेट आमच्या घरी होत्या. एकीवर लिहिलं होतं ‘रडकी’, दुसरीवर ‘पळती’ आणि तिसरीवर ‘चर्चची’. बाकी काही नाही. ना गायकाचं नाव, ना गाण्याचं. मामा मालवाहू बोटीवर इंजिनरूममध्ये ऑइलमन होता. यंत्राच्या आवाजावरून त्याचं दुखणं ओळखायची सवय, तोच न्याय त्याने गाण्यांना लावला होता.

१९७९ च्या मे महिन्यात तो बोटीवरून उतरला आणि थेट लालबागला आमच्या चाळीत आला, खांद्यावर टू-इन-वन घेऊन. मी बारा वर्षांची. मजल्यावर रेडिओ तीन-चार होते, पण कॅसेट वाजवणारं यंत्र पहिलंच. सगळा मजला दाराशी जमला. लोकांना वाटलं, आता लता लागणार, गेला बाजार एखादा पोवाडा तरी. मामाने ‘रडकी’ लावली. गिटार वाजायला लागली आणि एक पोरगेला आवाज कुठल्याशा डोंगराबद्दल, नदीबद्दल इंग्रजीत काहीबाही सांगायला लागला. दोन मिनिटांत निम्मा मजला आपापल्या स्टोव्हकडे परतला.

मामाची बोट टेक्ससच्या बंदरांत गहू भरायला लागायची. ह्यूस्टन, गॅल्व्हस्टन. बंदराजवळच्या जुन्या बाजारात कॅसेट स्वस्त मिळत आणि तिथे मिळणार ते तिथलंच, म्हणजे कंट्री. बोट न्यूयॉर्कला लागत असती तर आमच्या घरी दुसरंच काही वाजलं असतं. माझी गाण्याची आवड कशी घडली असं कुणी विचारलं, तर गव्हामुळे, हेच खरं उत्तर आहे.

‘चर्चची’ कॅसेट म्हणजे जिम रीव्ह्ज. त्यातली सगळीच गाणी काही देवाची नव्हती, पण तो माणूस उधारी मागितली असती तरी प्रार्थनाच वाटली असती अशा आवाजात गायचा. १९६४ मध्येच तो विमान अपघातात गेला होता. तरी त्याची आधी ध्वनिमुद्रित केलेली गाणी कंपनी सत्तरच्या दशकातही बाजारात आणत राहिली. ‘पळती’मध्ये आबा आणि बोनी एम. या कॅसेटला मात्र चाळीत मान होता. गणपतीत आरत्या आटोपल्या की पोरं ‘रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन’वर नाचायची. ते गाणं बायबलातल्या १३७ व्या स्तोत्रावरून आलंय, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं. बंदी करून बॅबिलॉनला नेलेले ज्यू नदीकाठी बसून आपल्या मुलखाची आठवण काढत रडतात, असं ते स्तोत्र. जमैकातल्या मेलोडियन्सनी ते १९७० मध्ये गायलं, आणि फ्रँक फॅरियन नावाच्या जर्मन निर्मात्याने १९७८ मध्ये त्याला ठेका देऊन साऱ्या जगाला नाचवलं. म्हणजे ‘पळती’मध्ये मामाने एक रडकं गाणं चुकून घातलं होतं.

पण मला सांगायचंय ते ‘रडकी’बद्दल.

आई खानावळ चालवायची. गिरणीत काम करणारे, बायका-पोरांना गावी ठेवून आलेले सोळा-सतरा मेंबर दोन पाळ्यांत जेवून जायचे. बहुतेक रत्नागिरीकडचे. त्यांच्यापुढे मामाने पहिल्यांदा ‘टेक मी होम, कंट्री रोड्स’ लावलं तेव्हा ताटावरचा एकजण म्हणाला, ‘‘काय बोलतोय काय हा?’’ मामाने एका वाक्यात भाषांतर केलं. ‘‘रस्त्याला सांगतोय, मला घरी ने.’’ त्यानंतर ते गाणं कुणी बंद करू दिलं नाही. ‘‘गाववालं लाव गो,’’ अशी फर्माईश रोज रात्री व्हायची. त्यातलं घर कुठे, कुणाचं, याची चौकशी कुणी केली नाही. मला मात्र एक शब्द ओळखीचा लागला होता, ‘वेस्ट’. मुंबईच्या मुलीला वेस्ट म्हणजे काय ते कुणी शिकवावं लागत नाही. दादर वेस्ट, अंधेरी वेस्ट, तसं व्हर्जिनिया वेस्ट. हा माणूस गाडीतून चुकून ईस्टला उतरलाय आणि त्याला पूल सापडत नाहीये, अशी माझी पक्की समजूत.

त्या समजुतीत मी एकटीच चुकले होते असं नाही. ज्याने ते गाणं लिहायला घेतलं त्या बिल डॅनॉफने तोवर वेस्ट व्हर्जिनियात पाऊलही टाकलेलं नव्हतं. तो मूळचा मॅसॅच्युसेट्सचा. पुढे त्याची बायको झालेल्या टॅफी निव्हर्टबरोबर मेरीलँडमध्ये क्लॉपर रोड नावाच्या वळणावळणाच्या रस्त्याने जाताना त्याला ते सुचलं. आधी ‘मॅसॅच्युसेट्स’ हा शब्दही त्याच्या डोक्यात होता, कारण इंग्रजी उच्चारात दोन्ही नावं तेवढ्याच मात्रांची. गाणं जॉनी कॅश या गायकाला विकावं असा दोघांचा बेत होता. पण डिसेंबर १९७० मध्ये वॉशिंग्टनच्या ‘सेलर डोअर’ क्लबमध्ये त्यांच्याबरोबर जॉन डेन्व्हरचे कार्यक्रम होते. एका रात्री कार्यक्रमानंतर त्यांनी त्याला ते अर्धवट गाणं ऐकवलं, तिघांनी मिळून पहाटेपर्यंत ते पुरं केलं आणि ३० डिसेंबरला मंचावर गायलं. गाण्यात नाव घेतलेली ब्लू रिजची रांग आणि शेनांडोआ नदी, दोन्हींचा मोठा भाग शेजारच्या व्हर्जिनियात आहे. वेस्ट व्हर्जिनियाच्या वाट्याला त्यांचा एक कोपरा येतो. डेन्व्हर हेही त्याचं जन्मनाव नव्हे. तो डॉइचेनडॉर्फ, जन्म न्यू मेक्सिकोचा, वडील विमानदलात म्हणून लहानपणभर बदल्या. ज्याला सांगण्यासारखं एक गाव नाही, त्याने गावाचं सर्वांत गाजलेलं गाणं गायलं. २०१४ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाने ते राज्यगीत म्हणून स्वीकारलंसुद्धा. भूगोलाची चूक काढत कुणी बसलं नाही.

कसं काढणार? त्या राज्याची १९५० मध्ये लोकसंख्या वीस लाखांवर होती, १९७० मध्ये साडेसतरा लाखांच्या आत आली. कोळशाच्या खाणींत यंत्रं आली, माणसं कमी लागायला लागली, आणि घरंच्या घरं डेट्रॉइटच्या मोटारींच्या, ओहायोच्या टायरांच्या कारखान्यांकडे निघाली. गावी राहिले ते म्हातारे, आणि सुट्टीत गाड्या भरभरून गावी येणारे ते चाकरमानी. हा शब्द मी मुद्दाम वापरतेय, कारण मला दुसरा सुचत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात जनगणनेगणिक पुरुषांपेक्षा बायका जास्त निघत आल्या, त्याचं कारण आईच्या खानावळीत ताटावर बसलेलं असायचं. कंट्री हे खेड्याचं संगीत अशी एक समजूत आहे. मला ते खेडं सोडून आलेल्यांचं संगीत वाटतं. खेड्यात राहणारा माणूस रस्त्याला ‘घरी ने’ कशाला म्हणेल? तो घरीच असतो. त्याला बहुधा शहरात जायचं असतं.

त्या गाण्यांमध्ये एक वाद्य असं वाजायचं की मेंबरांपैकी कुणीतरी हमखास म्हणायचं, ‘‘हे तर आपलंच.’’ सूर सुटा न वाजता एकातून दुसऱ्यात घसरत जायचा, गळ्यातून मींड निघावी तसा. ती स्टील गिटार. ‘आपलंच’ वाटायला कारण होतं, रेडिओवर सिनेमाच्या गाण्यांच्या धुना तशाच गिटारीवर वाजत. सुनील गांगुली, व्हॅन शिप्ली ही नावं त्या काळात रेडिओ ऐकणाऱ्यांना आठवतील. आमच्या समोरच्या चाळीत एक गृहस्थ मांडीवर गिटार आडवी ठेवून, तारांवर लोखंडी कांब फिरवत संध्याकाळभर एकच गाणं घोटत. ते त्याला हवाईन गिटार म्हणायचे, आणि ते नाव बरोबर होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवर हे तंत्र जन्मलं. त्याचं श्रेय जोसेफ केकूकू नावाच्या मुलाला देतात. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात अमेरिकेने हवाईचं संगीत डोक्यावर घेतलं. पुढे ती गिटार नॅशव्हिलला, कंट्रीच्या माहेरघरी पोचली, तिला पाय आणि पॅडल फुटले. दुसरी वाट आपल्याकडे आली. ताऊ मो नावाचा हवाईचा वादक दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कलकत्त्यात मुक्काम ठोकून होता. म्हणजे नॅशव्हिल आणि लालबाग एकाच घरातून वेगळे निघालेले दोन भाऊ. एक बेट सोडून निघालेला सूर दोन्हीकडे माणसं रडवत होता.

स्टील गिटार असणं-नसणं हा तिकडे जातीचा प्रश्न होता. सत्तरच्या दशकात कंट्रीची गाणी पॉपच्या यादीत जाऊ लागली, पॉपवाले कंट्रीची बक्षिसं नेऊ लागले, आणि नॅशव्हिलमध्ये सोवळं-ओवळं सुरू झालं. १९७४ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनने सर्वोत्कृष्ट गायिकेचा मान ऑलिव्हिया न्यूटन-जॉनला दिला. ती इंग्लंडमध्ये जन्मलेली, ऑस्ट्रेलियात वाढलेली. जुनी मंडळी जॉर्ज जोन्स आणि टॅमी वायनेट या गायक जोडप्याच्या घरी जमली आणि त्यांनी आपली वेगळी संघटनाच काढली. पुढच्या वर्षी त्याच बक्षीस समारंभात चार्ली रिच हा गायक मंचावर विजेत्याचं नाव वाचायला उभा राहिला. चिठ्ठीवर ‘जॉन डेन्व्हर’. त्याने खिशातून लायटर काढला आणि ती चिठ्ठी पेटवली. डेन्व्हर उपग्रहामार्फत दूरवरून पडद्यावर होता, त्याला काही दिसलं नाही. त्याने हसून आभार मानले. गंमत ही, की रिचचं स्वतःचं सर्वांत मोठं गाणं १९७३ मध्ये पॉपच्या यादीत पहिलं आलं होतं, आणि डेन्व्हरचं ‘कंट्री रोड्स’ १९७१ मध्ये पॉपमध्ये दुसरं आलं तरी कंट्रीच्या यादीत पन्नासाव्या क्रमांकावर अडलं होतं. आपण हसायला नको. आकाशवाणीने पेटीला १९४० पासून तीसेक वर्षं दाराबाहेर उभं केलंच होतं. डॉली पार्टनने १९७७ मध्ये ‘हिअर यू कम अगेन’ हे नखशिखान्त पॉप गाणं घेतलं तेव्हा तिने निर्मात्याकडे हट्ट धरला, यात स्टील गिटार घाला. उद्या कुणी विचारलं की हे कंट्री कसं, तर बोट दाखवायला काहीतरी हवं.

डॉलीचं ‘जोलीन’ ‘रडकी’च्या दुसऱ्या बाजूला होतं. १९७३ चं गाणं. एकच नाव चार-चारदा घेऊन ही बाई दुसऱ्या बाईला विनवते, तू सुंदर आहेस, तुला कुणीही मिळेल, माझा माणूस नेऊ नकोस. बँकेतली एक लाल केसांची मुलगी आपल्या नवऱ्याशी जरा जास्तच गोड बोलते हे तिने पाहिलं होतं. नाव मात्र तिने सही मागायला आलेल्या एका लहान मुलीचं उचललं. सवतीवर आपल्याकडे ओव्या आहेत, लावण्या आहेत, त्यांत शिव्याशाप आहेत, टोमणे आहेत. सवतीच्या रूपाचं इतकं मन लावून केलेलं वर्णन मला आठवत नाही. दहावीत इंग्रजी जरा कळायला लागल्यावर मी ते आईला समजावून सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘मग नवऱ्याला का नाही विचारत?’’ या गाण्यावर मी पुढे बरंच काही वाचलं, पण आईच्या पुढे गेलेलं फारसं नाही.

इंग्रजी कळत नव्हतं तेव्हाची मजा वेगळी होती. केनी रॉजर्सच्या १९७७ च्या ‘लुसील’मध्ये एक शेतकरी ओहायोतल्या एका बारमध्ये पळून आलेल्या बायकोला गाठतो आणि म्हणतो, चार उपाशी पोरं आणि शेतात उभं पीक टाकून निघून जायला हीच वेळ सापडली का तुला? मला कायम ‘चारशे पोरं’ ऐकू यायचं. कौरवसुद्धा शंभरच. त्या बाईबद्दल मला मनापासून सहानुभूती वाटायची. (असं ऐकणारी मी जगात एकटी नाही, हे कळल्यावर मला जरा वाईटच वाटलं.)

केनी रॉजर्सचंच ‘द गॅम्बलर’ मामाचं सर्वांत लाडकं. नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात रात्रपाळीला संगणक चालवणाऱ्या डॉन श्लिट्झ नावाच्या तरुणाने ते लिहिलं. आगगाडीत भेटलेला म्हातारा जुगारी पत्त्यांच्या निमित्ताने शहाणपण सांगतो, कधी पत्ते धरून ठेवायचे, कधी टाकायचे, कधी चालत निघायचं आणि कधी पळत सुटायचं. बोटीवर महिनोन्‌महिने पत्ते कुटणाऱ्यांना ते गीताच वाटत असणार.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली, त्यांत बाबा होते. पावसाळ्यात मामा रजेवर आला. रात्री जेवणं झाल्यावर म्हणाला, ‘‘भावोजी, पत्ते टाका. गावी चला. आंब्याची चार कलमं आहेत, माझा पगार आहे.’’ बाबा म्हणाले, ‘‘डाव अजून संपला नाही.’’ कुणी आवाज चढवला नाही. मेंबर एकेक करून गावी जात होते, पंगतीत आता चार-पाच ताटं मांडली जात. त्यातल्या एकाने जायच्या आदल्या रात्री ‘गाववालं’ मागितलं नाही, हे माझ्या लक्षात राहिलंय. दिवाळीच्या आधी टू-इन-वन विकला. कॅसेट घेणाऱ्याला नको होत्या, त्या ट्रंकेत गेल्या. तो संप रीतसर मागे घेतला असं कुणी कधी जाहीर केलंच नाही. बाबांच्या मते ते शेवटपर्यंत संपावर होते.

पुढची सहा वर्षं ती गाणी मी डोक्यातल्या डोक्यात वाजवली. अशा वाजवण्यात गाणं बदलतं. कडवी गळतात, लय आपल्या चालण्याशी जुळवून घेते. १९८८ मध्ये मला फोर्टात नोकरी लागली आणि पहिल्या पगाराच्या दिवशी मी काळ्या घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये शिरले. (२०१६ मध्ये ते बंद झालं.) तिथे काचेच्या बूथमध्ये उभं राहून विकत घेण्याआधी ऐकता यायचं. मी ‘कंट्री रोड्स’ मागितलं. सुरू झालं आणि मला वाटलं, फीत चुकीच्या वेगाने फिरतेय. माझ्या डोक्यातलं गाणं बरंच संथ झालं होतं. आणि त्यातलं घर तर पार बदललं होतं. डोंगर, नदी, धूळ काही नाही. आमच्या खोलीतला पिवळा बल्ब, भाताची वाफ आणि भिंतीला टेकून बसलेली सोळा माणसं.

त्याच दिवशी कार्पेंटर्सची एक कॅसेट घेतली, ‘यस्टर्डे वन्स मोर’साठी. १९७३ चं गाणं. लहानपणी रेडिओवर आवडत्या गाण्याची वाट बघायचो, ती गाणी आज परत ऐकली आणि रडू आलं, एवढाच मजकूर. मूळ अल्बमच्या दुसऱ्या बाजूला साठच्या दशकातली जुनी गाणी ओळीने गायली आहेत. सत्तरच्या दशकातल्या गाण्यांसाठी आज माझ्या वयाचे लोक जे उसासे टाकतात, तेच उसासे ती गाणी ताजी असताना दहा वर्षांपूर्वीच्या गाण्यांसाठी टाकत होती. कॅरन कार्पेंटर तेव्हा तेवीस वर्षांची होती. ड्रम वाजवणारी, खर्जात गाणारी मुलगी. बत्तिसाव्या वर्षी गेली.

आता तो क्लॉपर रोड. माझा मुलगा मेरीलँडमध्ये गेदर्सबर्गला राहतो. २०१९ च्या मे महिन्यात मी त्याच्याकडे गेले होते. एका सकाळी नकाशावर नाव दिसलं आणि मी त्याला म्हटलं, मला इथे ने. तो म्हणाला, ‘‘आई, मी रोज ह्याच रस्त्याने ऑफिसला जातो. तिथे बघण्यासारखं काही नाही.’’ खरंच नव्हतं. सिग्नल, एकसारख्या घरांच्या रांगा, ऑफिसला निघालेल्या गाड्या. सेनेका क्रीकच्या उद्यानाजवळ मात्र झाडी दाट होते आणि थोडा वेळ वाटतं, असेल बाबा. तिथे गाडी थांबवून मी मामाला व्हिडिओ कॉल लावला. इकडे सकाळचे आठ, तिकडे साडेपाच वाजलेले. मामा ओटीवर चहा घेत होता.

‘‘मामा, ‘रडकी’तलं पहिलं गाणं आठवतंय?’’

‘‘गाववालं? न आठवायला काय झालं?’’

‘‘ते ह्या रस्त्यावर सुचलं. हा बघ.’’ मी फोन फिरवला.

त्याने डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं. ‘‘डोंगर कुठं गेले?’’

‘‘डोंगर इथे नाहीत. पुढे, तासाभरावर.’’

‘‘मग त्याला कसे दिसले?’’

‘‘त्यालाही दिसले नव्हते.’’

मामा खो खो हसला, चहा सांडला, आतून मामी काहीतरी ओरडली. मग तो परत फोनकडे झुकला. ‘‘पण रस्ता गुळगुळीत हाय गो बाय. आमच्याकडं हायवेचं काम अजून चालूच हाय. तू गणपतीला येशील ना, तेव्हा रस्त्याच्या नादाला लागू नकोस. रेल्वेनं ये.’’